हिरवं घालू की लाल?

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. त्यातल्या एखाद्या दुकानात केस पांढरे झालेले एक गृहस्थ शिरतात आणि "पद्मिनीला कूलंट द्या," म्हणतात, तेव्हा काउंटरवरचा मुलगा मोबाइलमधून डोकं काढतो. त्याच्या जन्माच्या सुमारास बंद झालेल्या गाडीचं नाव ऐकून तो आत हाक मारतो. आतून मालक येतात. त्यांना पद्मिनी पक्की माहीत असते. वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हा दुकान तिच्याच जिवावर चाललेलं असतं.

"हिरवं देऊ की लाल, काका?"

"चांगलं कुठलं?"

"दोन्ही चांगली. लाल जरा महाग पडेल."

"मग हिरवंच द्या."

व्यवहार इथे संपायला हवा. पण दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं उभी असतात, आणि पुण्यात तीन माणसं ऐकत असताना चौथ्याला आपल्या मनाने काही विकत घेता येत नाही. पहिला सांगतो, लालच घ्या, हल्ली सगळ्या कंपन्या लालच देतात. दुसऱ्याच्या मेव्हण्याच्या गाडीत निळं आहे आणि ती कधीच तापत नाही. तिसरा वयाने सगळ्यात मोठा. तो नुसता हसतो आणि सांगतो, की त्याच्या वडिलांची फियाट पंचवीस वर्षं नळाच्या पाण्यावर चालली, काही म्हणता काही झालं नाही. त्या पंचवीस वर्षांत इंजिनाचं हेड दोनदा घासून सपाट करून आणावं लागलं होतं, हा तपशील तो गाळतो. बहुधा वडिलांनीही गाळला असणार.

एवढ्या सल्ल्यानंतरही काका हिरवा डबाच घेऊन बाहेर पडतात, कारण तो स्वस्त आहे. गंमत अशी, की पद्मिनीसाठी तोच डबा बरोबर असण्याची बरीच शक्यता आहे. खात्री मात्र डबा फिरवून मागचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय होत नाही, आणि काकांचा वाचायचा चष्मा घरी राहिला आहे.

रंगावरून गुण ठरवावेत असा कूलंटच्या जगात कुठलाही नियम नाही. त्यातला मुख्य पदार्थ म्हणजे इथिलीन ग्लायकॉल. तो मुळात पाण्यासारखाच बिनरंगाचा. रंग कारखान्यात मिसळतात. गळती झाली तर फरशीवर दिसावी, कुणी पाणी समजून तोंडाला लावू नये, आणि आपला माल कुठला हे ओळखता यावं, एवढ्यासाठी. टोयोटाचं आधी लाल होतं, पुढे जास्त टिकणारं आलं ते गुलाबी. होंडाचं निळं. जनरल मोटर्सचं नारिंगी. फोक्सवॅगनने निळसर हिरव्यापासून सुरुवात केली, मग लाल आणला, मग जांभळट. बाहेरच्या कंपन्यांचे डबे वेगळेच. तिथे ज्याच्या हाताला जो रंग लागला तो त्याने घातला असं समजायला हरकत नाही. एकाच रंगाची दोन कूलंट आतून एकमेकांची वैरी असू शकतात. वेगळ्या रंगाची दोन एकाच कृतीने बनलेली असू शकतात.

तेव्हा रंग सोडून आधी गाडीकडे पाहिलेलं बरं.

१९६४ मध्ये ही गाडी फियाट ११०० डिलाइट या नावाने आली. वालचंद हिराचंद यांनी उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनवत असे. पुढे ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेरीस रस्त्यावरून उतरली. आता उरलेल्या पद्मिनी हौशी लोकांकडे आहेत. हौशी माणूस टॅक्सीवाल्यापेक्षा खूप जास्त वाचतो आणि खूप कमी गाडी चालवतो. कूलंटच्या दृष्टीने दोन्ही लक्षणं वाईट.

तिच्या पोटात धातूंचं संमेलन भरलेलं असतं. ब्लॉक बिडाचा. त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं. पुढच्या रेडिएटरच्या नळ्या तांब्या-पितळेच्या, वरखालच्या टाक्या पितळेच्या, आणि हे सगळं शिसं-कथिलाच्या डागाने जोडलेलं. आता वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडवून बाहेरून जोडले तर काय होतं, हे आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं: त्याचा विद्युतघट होतो. तसा तो इथेही होतो. फरक एवढाच, की या घटाने दिवा लागत नाही, हेड झिजतं. ॲल्युमिनियम सगळ्यात भिडस्त, ते आधी विरघळायला लागतं. बीड गंजून तांबडा गाळ सोडतं. गाळ रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसतो. ही सगळी कामं गाडी उभी असतानाही चालू राहतात, किंबहुना उभी असताना जास्त निवांतपणे.

नळाच्या पाण्याचा पक्ष घेणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र शंभर टक्के खरं आहे. उष्णता वाहून न्यायला पाण्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात; निम्मं ग्लायकॉल मिसळलेल्या द्रवाला साधारण ३.४ पुरतात. म्हणजे नुसत्या गार करण्याच्या परीक्षेत पाणी पहिलं येतं आणि महागाचा डबा दुसरा. "कूलंट टाकलं की गाडी जास्त गार राहते" असं ठोकून सांगणारा मेकॅनिक आणि "पाण्यासारखं काही नाही" म्हणणारे आजोबा यांच्या भांडणात आकडेमोड आजोबांच्या बाजूने आहे.

पण आजोबा तिथेच थांबतात. पाणी गंजवतं. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर धातूवर बसतात. गीझरच्या कॉइलवर चढतो तोच हा पांढरा थर. खडकवासल्यासारख्या धरणाचं पाणी त्यातल्या त्यात बरं. सोसायटीच्या बोअरचं पाणी घालणाऱ्याने मात्र रेडिएटरवाल्याशी घरोबा करून ठेवावा. आणि पाणी लवकर उकळतं. समुद्रसपाटीला १०० अंशांना, लोणावळ्याला सुमारे ६२० मीटर उंचीवर ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या जवळपास. थोडक्यात, इंजिन सगळ्यात जास्त तापतं ते घाट चढताना आणि पाणी सगळ्यात लवकर उकळतं तेही घाटमाथ्यावर. बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं म्हणून लोक त्याला मानतात आणि जाता-येता नाणं टाकतात. एक्सप्रेसवे होण्याआधीच्या काळात घाटात किती गाड्या भक्तीने थांबल्या आणि किती रेडिएटरने थांबवल्या, याचा हिशेब फक्त त्या देवाकडेच असेल.

या उकळण्यावरचा खरा इलाज कूलंटच्या आधीपासून गाडीत असतो आणि तो कुणी पाहत नाही. तो म्हणजे रेडिएटरचं टोपण. बऱ्याच गाड्यांच्या टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. हा दाब. टोपणातली स्प्रिंग आतली वाफ कोंडून धरते आणि कोंडलेलं पाणी उशिरा उकळतं, ०.९ च्या टोपणाखाली साधं पाणीही ११८ अंशांपर्यंत तग धरतं. स्प्रिंग थकली, रबर कडक झालं, की हे सगळं मुसळ केरात. मग मालक आधी कूलंट बदलतो, मग फॅन बेल्ट, मग मेकॅनिक, आणि टोपण तसंच राहतं. दुसऱ्या टोकाचे मालकही असतात. ०.९ ने एवढा फायदा तर १.१ ने किती होईल, असा विचार करून ते जुन्या रेडिएटरवर जास्त दाबाचं टोपण बसवतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या डागांना हा उत्साह झेपत नाही. गाडी जेवढ्याची आहे तेवढ्याचंच टोपण लावायचं, आणि गरम असताना ते उघडायचं नाही. टोपणावर हे लिहिलेलं असतं. तरी दरवर्षी कुणाचा ना कुणाचा हात भाजतोच.

आता ग्लायकॉल. १८५६ मध्ये शार्ल-अदोल्फ वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा तयार केलं, तेव्हा मोटारगाडीच नव्हती; पुढे पाऊणशे वर्षं या पदार्थाला रेडिएटरची वाट पाहावी लागली. थंड देशांत रात्री रेडिएटरमधलं पाणी गोठून ब्लॉक फुटत असे, म्हणून लोक त्यात अल्कोहोल घालत. ते उडून जाई. मग १९२७ मध्ये अमेरिकेत प्रेस्टोन आणि १९२९ मध्ये जर्मनीत बीएएसएफचं ग्लायसँटिन बाजारात आलं. ग्लायकॉल उडत नाही, १९७ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि पाण्यात निम्मं मिसळलं तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. डब्यावर हा उणे ३७ चा आकडा ठळक छापलेला असतो. पुण्याचं आजवरचं नीचांकी तापमान १.७ अंश, तेही जानेवारी १९३५ मधलं. उरलेले अडतीस-एकोणचाळीस अंश सदाशिव पेठेतल्या गाडीला राखीव म्हणून मिळतात.

पण डबा थंडीसाठी नसून गंजासाठी घ्यायचा असतो. गंजरोधक रसायनं त्याच डब्यातून येतात. थंडी नाही म्हणून एक भाग कूलंट आणि दहा भाग पाणी अशी काटकसर केली, तर थंडीचं काही बिघडत नाही, संरक्षण मात्र नावालाच उरतं. साधारण तिसऱ्या हिश्शाच्या खाली जाऊ नये.

आणि खरी निवड या गंजरोधकांत आहे. ग्लायकॉल सगळ्यांचं सारखंच. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट अशी अकार्बनी रसायनं असतात. ती आत गेल्यागेल्या सगळ्या धातूंवर पातळ थर चढवतात. नव्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात; ते सगळीकडे थर देत बसत नाहीत, जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन काम करतात. पहिला गडी सगळ्या घराला चुना फासून मोकळा होतो, दुसरा फक्त पोपडा उडालेल्या जागी लांबी भरतो. म्हणून पहिल्याचा चुना दोन वर्षांत संपतो आणि दुसऱ्याचा डबा पाच वर्षं पुरतो. दोघांच्या मधली संकरित जातही आहे: सेंद्रिय आम्लं आणि जोडीला थोडं सिलिकेट किंवा फॉस्फेट. युरोपातले कारखाने फॉस्फेट टाळतात, कारण तिकडच्या जड पाण्यात त्याचा साका बसतो. जपानी कारखाने सिलिकेट टाळतात, कारण पाण्याच्या पंपाच्या सीलची त्यांना काळजी. आपल्याकडे दोन्हीकडच्या गाड्या आहेत आणि पाणीही सगळ्या प्रकारचं आहे, त्यामुळे दोन्हींचे वाद आयते मिळाले.

पाच वर्षं पुरणारं घ्यावं हे कुणालाही पटेल. पण नव्या पद्धतीची बरीच कूलंट ॲल्युमिनियमचे रेडिएटर आणि नव्या जातीचे सील डोळ्यांसमोर ठेवून बनवली गेली. त्यांतल्या काहींत २-इथिलहेक्झॅनॉइक आम्ल असतं, आणि ते काही जातीच्या सिलिकॉन आणि प्लॅस्टिकच्या सीलना मऊ करतं. शिशाच्या डागांची राखण हा त्यांच्या कामाचा भाग नव्हताच, कारण त्यांच्या गाड्यांत डाग नव्हते. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांच्या क्लबांचा एक महासंघ आहे. तिकडे जुनी गाडी हा जवळजवळ धर्म असल्यामुळे या महासंघाचं बोलणं गंभीरपणे घेतात. त्यांनी सभासदांना सरळ सांगितलं, की जुन्या गाडीत जुन्या पद्धतीचंच कूलंट घाला. हा सल्ला कुर्ल्याच्या पद्मिनीलाही लागू पडतो आणि उत्तरपाड्याच्या अँबेसेडरलाही. दोघींचे मूळ आराखडे १९५० च्या दशकातले, रेडिएटर पितळी.

एवढी रसायनं लक्षात राहत नसतील तर बॉनेट उघडून रेडिएटरच्या टाकीवर टिचकी मारावी. टाकी पितळी आणि डाग दिलेली असेल, तर जुन्या पद्धतीचं, दोन वर्षांनी बदलायचं. टाकी काळ्या प्लॅस्टिकची आणि जाळी ॲल्युमिनियमची असेल, तर गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते, आणि दुकानातल्या तिन्ही गिऱ्हाइकांचं काही ऐकायचं नाही. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. तीही आता जुन्या गाड्यांतच मोडते. तिच्या बाबतीत तर टिचकी मारणं फारच गरजेचं, कारण इतक्या वर्षांत मूळ रेडिएटर जाऊन कुठला बसलाय हे मालकालाही ठाऊक नसतं.

नव्या पद्धतीच्या कूलंटनेही फार मिरवू नये. जनरल मोटर्सने १९९५ च्या सुमारास डेक्स-कूल नावाचं नारिंगी कूलंट आणलं. पाच वर्षं किंवा दीड लाख मैल चालेल अशी जाहिरात होती. मालकांनी ती अक्षरशः घेतली आणि पाच वर्षं टोपणाला हातच लावला नाही. काही इंजिनांत गॅस्केटं गेली, काही गाड्यांत पातळी खाली गेल्यावर आत चिखल झाला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००८ मध्ये तडजोड झाली. फोक्सवॅगनच्या घरातही असाच प्रकार. हिरवट जी-११ मध्ये लाल जी-१२ मिसळलं की तपकिरी गाळ होतो, असं कंपनीच सांगत होती. म्हणून पुढची जी-१२ प्लस वगैरे मंडळी सगळ्यांशी जमवून घेणारी काढावी लागली. या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे आलेल्या, याच घरातल्या पहिल्या ऑक्टाव्हिया आता तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत. त्यांच्या बाटलीत तपकिरी रंग दिसला तर तो कारखान्यातून आलेला नाही एवढं नक्की.

आपल्याकडे मात्र मिश्रणाची परंपरा कंपन्यांच्या कितीतरी आधीची आहे. घाटात रेडिएटर गळायला लागला की ट्रकवाले त्यात हळदीची पूड टाकतात. पूड फुगते, पाण्याबरोबर फिरत जाऊन गळतीच्या बारीक भोकात बसते, आणि ट्रक पुढच्या गावापर्यंत पोचतो. उपाय नामी आहे. अडचण एकच, की गळतीचं भोक आणि रेडिएटरची नळी यांतला फरक हळदीला कळत नाही. शिवाय पिवळ्या रंगाचं कूलंटही बाजारात मिळत असल्यामुळे पुढच्या मेकॅनिकला आत नेमकं काय आहे, हे वास घेऊनच ठरवावं लागतं.

दुसरी परंपरा थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. "साहेब, हा थंड देशातला पार्ट आहे, आपल्याकडे लागत नाही," असं म्हणत मेकॅनिक तो काढतो आणि खिशात टाकतो. काटा खाली येतो, मालक खूश. थर्मोस्टॅटचं काम मुळात इंजिनाला लवकर ८०-८५ अंशांपर्यंत नेऊन तिथे टिकवण्याचं असतं. तो नसला की इंजिन बराच वेळ गारच राहतं, चोक ओढावा लागतो, पेट्रोल जास्त जातं, तेलात ओल राहते आणि सिलिंडर झिजतात. एवढं सोसूनही गाडी घाटात तापतेच, कारण मूळ दुखणं रेडिएटरमध्ये होतं आणि तिथे कुणी पाहिलंच नव्हतं.

तिथे पाहायचं असेल तर रेडिएटरवाल्याकडे जावं लागतं. गाडी दुरुस्तीच्या धंद्यात इतकं उघडं, डोळ्यांसमोर होणारं काम आता फार थोडं उरलंय. तो रेडिएटर उभा करतो, वरच्या टाकीच्या कडेने ज्योत फिरवतो, डाग चकाकतो आणि थेंबाथेंबाने ओघळायला लागतो. मग हलक्या हाताने टाकी उचलली जाते. आत नळ्यांच्या तोंडांची रांग दिसते. काही उघडी, काही अर्धी बुजलेली, काही इतकी पक्की बंद की तिथे नळी आहे हे सांगावं लागतं. तो एक लांब, पातळ पट्टी घेऊन एकेका नळीत वरपासून खालपर्यंत घालतो आणि खेचतो. खालून तांबडा राडा येतो. याला रॉडिंग म्हणतात. मालक तो राडा पाहून गप्प होतात. नळाच्या पाण्याची बाजू घेणारे तर जरा लांबच उभे राहतात. सगळ्या नळ्या मोकळ्या झाल्या की टाकी परत बसवून डाग दिला जातो. तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि सगळा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायचा. बुडबुडा आला तिथे खूण, पुन्हा डाग. बुडबुडे थांबले की रेडिएटर काळा रंगवून मिळतो. तो रंगवू नका, नुसता पुसून द्या, असं सांगणारा मालक पुण्याबाहेर सापडत नाही.

हे न करता थेट महागाचं कूलंट ओतण्यात एक धोका असतो आणि जुन्या गाडीवाल्यांना तो बरोबर माहीत असतो: "कूलंट टाकलं आणि गळायला लागली." हा कूलंटचा दोष नव्हे. वर्षानुवर्षं गंज आणि क्षार हेच कित्येक जागी बूच होऊन बसलेले असतात. नव्या द्रवाने ते सैल पडतात आणि गाडी आपलं खरं वय सांगते. म्हणून आधी रेडिएटर, होज पाइप, त्यांचे क्लिप, आणि मेकॅनिक ज्याला "वॉटर बॉडी" म्हणतात तो पाण्याचा पंप. डबा शेवटी.

डब्याच्या मागच्या बाजूला बघायचं काय? भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४, अमेरिकन एएसटीएम डी ३३०६, यांपैकी काहीतरी छापलेलं असावं. नुसतं "सुपर", "अल्ट्रा" आणि एका बर्फाच्या डोंगराचं चित्र असेल तर डबा जागेवर ठेवावा. तयार मिश्रण आहे की पाणी मिसळायचं, हेही तिथेच असतं. तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी ओतणारे लोक खूप आहेत. त्यांचा समज असा, की कुठलीही गोष्ट डब्यातून आली की ती घट्टच असणार. पाणी मिसळायचंच असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. एखादी पाच लिटरची कॅन कूलंटच्या डब्यापेक्षा खूपच स्वस्त पडते. तरीही हातात बाटलीतलं पिण्याचं पाणी घेऊन "हे तर त्याहून शुद्ध" म्हणणारा कुणीतरी भेटतोच. पिण्याच्या पाण्यात क्षार असतात. बऱ्याच बाटल्यांत तर चवीसाठी ते मुद्दाम घातलेले असतात.

पैसेवाल्या हौशी मंडळींसाठी बिनपाण्याचं कूलंटही निघालंय. ते १८० अंशांच्या वर उकळतं, पाणीच नसल्यामुळे गंजाला वाव नाही, आणि पुन्हा बदलावं लागत नाही असं सांगतात. उष्णता मात्र ते पाण्याच्या मिश्रणाइतकी वाहून नेत नाही. आणि त्यात पाणी मिसळलं की त्याचा सगळा मोठेपणा संपतो. आता साताऱ्याच्या पुढे कुठेतरी होज पाइप सुटला, की आजूबाजूच्या धाब्यावरून पहिली पाच माणसं मदतीला धावत येतात ती हातात काय घेऊन येतात, याचा विचार ज्याने त्याने करावा.

या सगळ्या चर्चेत जुन्या फोक्सवॅगन बीटलचा मालक एका बाजूला पाय पसरून बसलेला असतो. त्याचं इंजिन मागे आणि वाऱ्यावर गार होणारं. रेडिएटर नाही, टोपण नाही, कूलंट नाही. तो दर दहा मिनिटांनी ही गोष्ट सांगतो. तेल किती पितं, हे विचारलं की मात्र त्याला फोन येतो.

पद्मिनीचा खेळ शेवटी एका फार साध्या जागी फसतो. जुन्या रेडिएटरला बहुधा परतीची बाटली नसते. द्रव तापून फुगला की जास्तीचा नळीवाटे रस्त्यावर जातो. मालकाला रोज सकाळी पातळी बोटभर खाली दिसते. वास्तविक तिथे तेवढी जागा सोडायचीच असते. तो काठोकाठ भरतो, गाडी संध्याकाळी ते पुन्हा बाहेर टाकते, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भरतो, आणि रोज कूलंट कोण ओतणार म्हणून पाणी भरतो. वर्षभरात महागाच्या डब्यातला माल घाटाघाटांत वाटून संपलेला असतो आणि आत खडकवासला उरतो. रंग मात्र फिकट हिरवा राहतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. परतीची बाटली बसवून घेणं हा यावरचा इलाज; जमत नसेल तर भरताना अंगठ्याएवढी जागा सोडणं.

नवीन द्रव भरल्यावर टोपण न लावता इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं. आतली अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, पातळी एकदम उतरते, ती भरून मग टोपण लावायचं. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पुन्हा एकदा पाहायचं. तारीख कुठेतरी लिहून ठेवायची. जुन्या पद्धतीचं कूलंट दोन वर्षांनी बदलायचं म्हणजे दोन वर्षांनीच. "अहो, पण गाडी वर्षाला तीनशे किलोमीटर चालते," हा बचाव रसायनाला लागू पडत नाही. ते उभ्या गाडीतही संपत असतं.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतायचं नाही. ते चवीला गोडसर असतं, भटकी कुत्री-मांजरं चाटतात आणि शरीरात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडं निकामी होतात. माणसांचंही तेच. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते गॅरेजवर द्यायचं. उरलेलं नवीन कूलंट मूळ डब्यातच ठेवायचं, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर. ते कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवणारी घरं आहेत, आणि मे महिन्यात त्याच माळ्यावर, त्याच रंगाची, वाळ्याच्या सरबताची बाटलीही असते.